बेवारस आज्ञावली ताब्यात घेताना

१३ सप्टेंबर २०१५ हा दिवस नाशिककरांच्या स्मरणात आहे तो दुसऱ्या शाहीस्नानाचा दिवस म्हणून. पोळ्याची अमावास्या होती. इकडे रामकुंडावर आणि तिकडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर आखाड्यांच्या मिरवणुका उतरत होत्या, आणि शहरातील यच्चयावत रस्ते पोलिसांच्या लोखंडी कठड्यांनी आखून दिलेले होते. नेमक्या त्याच दिवशी, सिंहस्थाची गंधवार्ताही नसलेल्या मंडळींनी सातासमुद्रापलीकडे पायथॉन या संगणकभाषेची ३.५ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. हा निव्वळ योगायोग आहे, आणि त्यातून कोणताही फलादेश काढण्याचा प्रस्तुत लेखकाचा मानस नाही; परंतु आज्ञावलीचे वय मोजायला नाशिककराला सिंहस्थाइतके सोयीचे माप दुसरे सापडणार नाही. २००३ च्या सिंहस्थाच्या पावसाळ्यात, २९ जुलैला, याच भाषेची २.३ ही आवृत्ती आली होती. त्या आवृत्तीसाठी लिहिलेला कोड २०१५ साली बहुधा किरकोळ डागडुजीने चालला असता; २०१५ साली २.७ साठी लिहिलेला कोड मात्र २०२७ च्या पर्वणीला तेव्हाच्या यंत्रावर पहिल्या काही ओळींतच थांबेल.

२००३ च्या त्या सिंहस्थात २७ ऑगस्टला झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ यात्रेकरूंचे प्राण गेले. शहर ती गोष्ट विसरले नव्हते. म्हणूनच पुढच्या पर्वणीच्या तयारीत, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये अध्यापन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम उभा राहिला, आणि त्याच वातावरणात नीलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने, वरून जाणाऱ्यांची पावले मोजून गर्दीचा आकडा तत्काळ कळवणारी ‘आशिओतो’ ही चटई तयार केली; तिने मेळ्यात अठरा तासांत सुमारे पाच लाख माणसांची मोजदाद केल्याचे त्याने पुढे टेडच्या व्यासपीठावरून सांगितले. त्या विशिष्ट चटईचा कोड हा येथील विषय नव्हे. विषय आहे तो त्या सुमारास महाविद्यालयांच्या प्रकल्पांतून, हॅकेथॉनांतून आणि हौशी मंडळींच्या रात्रीच्या जागरणांतून निर्माण झालेल्या, गिटहबवर ठेवल्या गेलेल्या आणि कर्ते पदवी घेऊन पुण्या-बंगळुराला नोकरीस गेल्यावर तशाच पडून राहिलेल्या असंख्य मुक्तस्रोत आज्ञावल्यांचा. त्यांतील एखादी उपयोगाची दिसली आणि ती आजच्या आवृत्तीवर चालती करावी असे आपल्या मनाने घेतले, तर कामाला हात कोठे घालावा आणि कोठे घालू नये, एवढेच येथे सांगायचे आहे. उदाहरणादाखल आपण अशाच एखाद्या पावले मोजणाऱ्या चटईची जुनी, पायथॉन २.७ मधली आज्ञावली डोळ्यांपुढे ठेवू.

प्रथम दस्तऐवज तपासावा. प्रकल्पाच्या दप्तरात परवान्याची फाइल आहे काय, आणि असल्यास ती एमआयटी, अपाची की जीपीएल यांपैकी कोणत्या परवान्याची आहे, हे पाहिल्यावाचून एकही अक्षर बदलू नये. पुष्कळांची समजूत अशी असते की, कोड सर्वांना दिसेल असा ठेवला म्हणजे तो सर्वांचा झाला. ती चुकीची आहे. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतीत गणलेली आहे, आणि कर्त्याने स्पष्ट परवानगी दिलेली नसेल तर तिच्यात फेरफार करून ती पुन्हा प्रसिद्ध करण्याचा हक्क दुसऱ्या कोणास नाही. प्रकल्प कितीही वर्षे बंद पडलेला असो, वहिवाटीने येथे मालकी येत नाही. परवाना नसेल तर कर्त्याला दोन ओळींचे सभ्य पत्र पाठवावे. अनुभव असा की, आपल्या विद्यार्थिदशेतील काम कोणाच्या तरी उपयोगी पडत आहे हे वाचून बहुतेकांना आनंद होतो आणि परवान्याची फाइल दोन दिवसांत येते. त्याच वेळी त्या प्रकल्पाच्या ज्या प्रती इतरांनी आपापल्या खात्यात काढून घेतल्या असतील त्यांवरही नजर फिरवावी, कारण जे काम आपण महिनाभर करणार ते कोणीतरी तीन वर्षांपूर्वी निम्मेअधिक करून ठेवलेले असण्याचा संभव पुष्कळच असतो.

कर्त्याने प्रकल्पाच्या किल्ल्या आपल्या हाती देण्यास वेळ लावला, तर त्यात अपमान मानू नये. २०२४ च्या मार्चअखेर उघडकीस आलेले एक्सझेड या आज्ञावलीचे प्रकरण आता सर्वांना ठाऊक आहे: थकलेल्या एकट्या व्यवस्थापकाला वर्षानुवर्षे निष्ठेने मदत करून विश्वास संपादन केलेल्या, जिया तान हे नाव धारण करणाऱ्या व्यक्तीने जगभरच्या संगणकांत जाणाऱ्या त्या आज्ञावलीत चोरवाट ठेवली होती. तेव्हा अनोळखी उत्साही माणसाकडे सावधपणे पाहणे हा आज शहाण्या व्यवस्थापकाचा गुणच समजला पाहिजे. उत्तर येईपर्यंत आपल्या खात्यातील प्रतीवर काम चालू ठेवावे, आणि मूळ कर्त्याचे नाव तिच्यावर ठळक असू द्यावे.

आता कोडाकडे. येथे नवशिक्याची पहिली ऊर्मी असते ती नव्या आवृत्तीवर आज्ञावली चालवून पाहण्याची, आलेली चूक दुरुस्त करण्याची, पुन्हा चालवण्याची आणि चुका येणे थांबले की काम फत्ते झाले असे मानण्याची. ही पद्धत मला घातक वाटते. जी आज्ञावली जुन्या आवृत्तीवर नेमके काय करीत होती हे आपण कधी पाहिलेच नाही, ती नव्या आवृत्तीवर तेच करते आहे असे आपण कोणत्या आधारावर म्हणणार? म्हणून सुरुवात उलट टोकाने करावी: प्रथम ती तिच्या स्वतःच्या काळात चालवावी. पायथॉन २.७ ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली आणि २.७.१८ ही तिची अखेरची आवृत्ती त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निघाली. तरी तिची डॉकर प्रतिमा आजही मिळते, आणि त्या बंदिस्त पेटीत, बाहेरच्या जाळ्यापासून शक्य तितके अलग ठेवून, जुना कोड चालवता येतो. त्या काळातील लायब्ररी बसवताना पिपची २०.३.४ किंवा तिच्याआधीची आवृत्ती लागते, कारण २०२१ च्या आरंभापासून पिपने दोनच्या पिढीची साथ सोडली. या एवढ्या तयारीत कधी दोन दिवस जातात, आणि हाती नवे काहीच पडले नाही असे वाटते. पण जुने वर्तन डोळ्यांनी पाहण्याची ही एकमेव सोय आहे.

जुनी आज्ञावली चालू झाली की तिचा जबाब नोंदवून घ्यावा. चटईकडून येणाऱ्या आकड्यांची एक फाइल तयार करावी, जमल्यास खऱ्या मोजणीची आणि नसल्यास हाताने रचलेली. तीत रिकाम्या ओळी, अर्धवट तुटलेली ओळ, एकाच क्षणाच्या दोन नोंदी, मध्यरात्री बदलणारी तारीख असे सगळे आडमुठे प्रकार मुद्दाम घालावेत, ती आज्ञावलीला द्यावी, आणि जे उत्तर येईल ते जसेच्या तसे जपून ठेवावे. उत्तर बरोबर आहे की चूक, हा प्रश्न या घडीस विचारू नये. मायकेल फेदर्स यांनी २००४ साली जुन्या कोडावर लिहिलेल्या ग्रंथात याच प्रकारच्या चाचण्यांचा आग्रह धरला आहे, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत त्याहून चांगली युक्ती निघालेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

या खबरदारीची गरज कशासाठी, ते आता जवळून पाहू. दोनच्या पिढीतून तीनच्या पिढीत येताना ज्या गोष्टी मोडतात त्यांतील निम्म्या गोष्टी मोठ्याने ओरडून मोडतात. प्रिंट या आज्ञेला कंस नाही, म्हणून आज्ञावली पहिल्याच क्षणी थांबते. रिकाम्या नोंदीची आकड्याशी तुलना करून क्रम लावायला सांगितला तर जुनी आवृत्ती मुकाट्याने काहीतरी क्रम लावीत असे, नवी ते साफ नाकारते. अशा चुकांचे भय नाही. भय आहे ते शांतपणे निराळे उत्तर देणाऱ्या ओळींचे. आपली चटई सिरियल तारेवरून संगणकाला एक-एक ओळ पाठवते असे धरा, आणि पाऊल पडले की त्या ओळीत ‘१’ हा अंक येतो. जुन्या पायथॉनमध्ये तारेवरून आलेली अक्षरे आणि कोडात अवतरणचिन्हांत लिहिलेली अक्षरे एकाच जातीची असत. नव्यात तारेवरून येतात ते बाइट्स आणि कोडातली ती मजकुराची अक्षरे. या दोन जाती परस्परांशी कधीही समान ठरत नाहीत. गंमत अशी की, त्याच बाइट्सचे पूर्णांकात रूपांतर करायला सांगितले तर नवी आवृत्ती ते बिनतक्रार करून देते, त्यामुळे कोडाचा एक भाग चालतो. मात्र ‘आलेली ओळ १ आहे काय’ असे विचारणारा भाग दर वेळी ‘नाही’ असे उत्तर देतो, चूक म्हणून काहीच दिसत नाही, आणि चटईवरून हजारो माणसे गेली तरी पडद्यावरचा आकडा शून्यच राहतो. पायथॉन चालवताना वजाचिन्हापुढे दोनदा ‘बी’ हे अक्षर दिले, तर अशी प्रत्येक तुलना चूक म्हणून उघडी पडते. ही सोय पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम नमूद केली.

भागाकाराचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. जुन्या आवृत्तीत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येई. साठ सेकंदांत २९९ माणसे गेली तर सेकंदाला माणसे किती, याचे उत्तर जुनी आज्ञावली ४ असे देत असे आणि नवी ४.९८ च्या आसपास देते. सेकंदाला चाराहून अधिक माणसे झाली की इशारा द्यावा असे कोडात लिहिले असेल, तर जुन्या आज्ञावलीने त्या क्षणी इशारा दिला नसता, नवी देईल. आता यांतले योग्य कोणते? कदाचित नवे. कदाचित इशाऱ्याची मर्यादा ठरवणाऱ्याने जुन्या भागाकाराचा हिशेब मनात धरूनच ती ठरवली असेल. म्हणून प्रथम पूर्णांकी भागाकाराचे, दोन तिरप्या रेघांचे चिन्ह घालून जुने वर्तन जसेच्या तसे राखावे, आणि मर्यादेविषयी काही बदल करायचाच असेल तर तो वेगळ्या नोंदीने, वेगळ्या दिवशी, गर्दीचे शास्त्र जाणणाऱ्याला विचारून करावा. पूर्णांकन करणाऱ्या राउंड या क्रियेचेही असेच: अडीच दिले असता जुनी आवृत्ती ३ सांगे, नवी २ सांगते, कारण नेमक्या मध्यावरची संख्या आता जवळच्या समसंख्येकडे नेली जाते. दिवसभराच्या अहवालात याने एखाददुसऱ्याचा फरक पडतो, आणि तो शोधण्यात संबंध संध्याकाळ जाते.

मराठी मजकूर असलेल्या आज्ञावल्यांत आणखी एक खाचखळगा असतो. ‘नाशिक’ या शब्दाची लांबी विचारली असता जुना पायथॉन, यूटीएफ-८ मधील साधी अक्षरमाला असल्यास, १५ असे सांगे. नवा ५ सांगतो. आणि शाळेत शिकवले आहे त्याप्रमाणे मोजले तर अक्षरे तीन. घाटांची नावे रकान्यात बसवण्यासाठी ज्याने पंधराच्या हिशेबाने जागा सोडली असेल, त्याचा तक्ता नव्या आवृत्तीवर वेडावाकडा होईल. त्यातून जुनी नावे युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली असतील, तर त्यांचे रूपांतर हे स्वतंत्र काम समजून बाजूला ठेवावे; भाषेची आवृत्ती आणि फॉन्टची संकेतपद्धती एकाच दमात बदलणाऱ्याला पुढे चूक नेमकी कशामुळे झाली हे कधीच सांगता येत नाही.

पूर्वी दोनकडून तीनकडे नेण्यासाठी पायथॉनबरोबरच एक रूपांतर साधन मिळे. ते ३.१३ या आवृत्तीपासून काढून टाकलेले आहे, तेव्हा त्याचा उपयोग करायचा असेल तर जुन्या पेटीतच करून घ्यावा, आणि त्याने केलेला प्रत्येक बदल डोळ्यांखालून घालावा. तीनच्या पिढीत प्रवेश झाल्यावर एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी मारू नये. ३.७ पासून ‘असिंक’ हा भाषेचा राखीव शब्द झाला, म्हणून त्या नावाचे चल वापरणाऱ्या जुन्या लायब्ररी कोसळल्या, ३.१० मध्ये कलेक्शन्स विभागातली काही जुनी नावे गेली, ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स गेले, म्हणजे जुन्या सेटअप फाइलींचा आधारच गेला, ३.१३ मध्ये सीजीआय, टेलनेटलिब यांसह एकोणीस विभाग एका फटक्यात निवृत्त झाले. प्रत्येक टप्प्यावर थांबून, कालबाह्यतेच्या सूचनांना चुका समजण्याची आज्ञा देऊन चाचण्या चालवल्या, तर पुढच्या टप्प्यावर काय मोडणार ते आधीच्याच टप्प्यावर कळते. हे काम कंटाळवाणे आहे; त्याला दुसरा शब्द नाही.

ज्यांवर आज्ञावली अवलंबून असते त्या लायब्ररींचा प्रश्न बहुधा स्वतःच्या कोडाहून बिकट निघतो. आपली आज्ञावली ज्या दहा लायब्ररींवर उभी आहे त्यांतील सहा अजून नांदत्या असतात, दोन नाव बदलून नांदत असतात, आणि दोन आपल्याच प्रकल्पासारख्या बेवारस झालेल्या असतात. या शेवटच्या दोहोंतून आपण नेमके काय वापरतो ते पाहावे. पुष्कळदा ते एखादे वीस ओळींचे फंक्शन असते, आणि परवाना अनुकूल असल्यास श्रेयनिर्देशासह ते आपल्या कोडात आणणे हे मृत लायब्ररी जिवंत करण्यापेक्षा कितीतरी सोपे.

बदलांच्या नोंदीविषयी थोडे सांगतो, कारण येथे अभियंत्यांची बेफिकिरी मला खटकते. गिटमधला इतिहास हा तलाठ्याच्या दप्तरातील फेरफाराच्या नोंदवहीसारखा वाचता आला पाहिजे: कोणती गोष्ट, कोणाच्या हातून, कोणत्या कारणाने बदलली, हे एकेका नोंदीत एकेकच. जो मनुष्य एकाच नोंदीत चारशे ओळींचे समास सरळ करतो, चलांची नावे आपल्या आवडीप्रमाणे बदलतो आणि मध्येच कोठेतरी भागाकाराचे चिन्हही दुरुस्त करतो, त्याने ते चिन्ह लपवून ठेवल्यासारखेच झाले. अलीकडे यंत्राकडून संबंध प्रकल्प काही मिनिटांत नव्या आवृत्तीत लिहून घेता येतो. घ्यावाही, परंतु तोही तुकड्यातुकड्यांनी आणि आपण आधी जपून ठेवलेल्या जबाबाशी ताडून. वाचलाच न गेलेला बदल कोणी केला याला महत्त्व नाही. आणि मूळ कर्त्याच्या शैलीला, ती कितीही गबाळी वाटली तरी, या टप्प्यावर हात लावू नये.

प्रत्येक बेवारस प्रकल्प वाचवावाच असेही नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाड्याच्या शाळेत २००७ साली ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेची भारतातील पहिली चाचणी झाली, तेव्हा त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांवर शुगर ही पायथॉन दोनमध्ये लिहिलेली प्रणाली होती. पुढे शुगर लॅब्जच्या स्वयंसेवकांनी ती प्रणाली आणि तिच्यावरील मुलांचे उपक्रम एकेक करून तीनच्या पिढीत आणले. जे आणायला कोणी पुढे आले नाही, ते मागे राहिले. यात मला काही गैर दिसत नाही. वापरणारा एक तरी माणूस नावानिशी सांगता येत नसेल, तर आपले श्रम दुसऱ्या प्रकल्पाला द्यावेत.

राहता राहिला तिथीचा प्रश्न. रामकुंडावरचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आणि पर्वाची समाप्ती जुलै २०२८ मध्ये असे जाहीर झालेले आहे. ३.९ नंतर पायथॉनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते आणि प्रत्येकीला पाच वर्षांचे आयुष्य मिळते, त्यानुसार ३.१२ ची सुरक्षा-दुरुस्ती ऑक्टोबर २०२८ पर्यंत, ३.१३ ची २०२९ पर्यंत आणि ३.१४ ची २०३० पर्यंत चालेल. पर्वणीत उपयोगी पडावी अशी जुनी आज्ञावली जो हाती घेईल त्याने लक्ष्य ३.१३ चे ठेवावे: ३.१२ काठावर संपते, ३.१४ वर सिरियल तारेच्या आणि सेन्सरच्या लहानसहान लायब्ररी स्थिरावल्या आहेत की नाही ते एकेक तपासून पाहावे लागेल, आणि ऑक्टोबर २०२६ मध्ये येऊ घातलेल्या ३.१५ च्या वाटेला तर या कामापुरते जाऊच नये. भाषेची आवृत्ती आणि लायब्ररींचे नेमके क्रमांक २०२७ च्या उन्हाळ्याआधी कायम करून फाइलीत लिहून ठेवावेत. आणि वैशाखात, गोदाकाठी गर्दी तुरळक असताना, चटई एकदा गोदाघाटावर अंथरून, शेजारी माणूस उभा करून, त्याने बोटांवर मोजलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळतो की नाही ते पाहावे.